बेकरीला सील लागायची दुपार

१५ ऑक्टोबर, बुधवार. परातीत तूप आणि पिठीसाखर घेऊन मी फेसायला बसले होते. नानकटाईसाठी तूप तळव्यानं एकाच दिशेनं फेसायचं, पांढरं आणि हलकं होईपर्यंत. मिक्सरमध्ये केलं तर ती खुसखुशीत होत नाही असं चाळीतल्या सगळ्या सांगतात. मला दोन्हींत फरक कळलेला नाही. मी हातानं करते, कारण तुपाचं मिक्सरचं भांडं घासणं जिवावर येतं.

लालबागच्या आमच्या चाळीत आता बऱ्याच घरांत ओव्हन आहे. तरी दिवाळीच्या आठवड्यात नानकटाई भाजायला खालच्या बेकरीतच जाते. बेकरी चाळीच्या मागच्या अंगाला, गल्लीच्या तोंडाशी. भट्टी लाकडाची. पाव काढून झाले की भट्टीची धग जरा उतरते, तेव्हा चाळीचे ट्रे आत सरकवतात. ट्रे बेकरीचे, पीठ आमचं, आणि सरमिसळ होऊ नये म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली. माझ्या नानकटाईवर एक चारोळी, शेजारच्या काकींच्या नानकटाईवर काट्याचे ओरखडे, कोपऱ्यातल्या खोलीचा पिस्त्याचा काप. लग्न होऊन आले तेव्हा चारोळीची खूण सासूबाईंकडून आपोआप माझ्याकडे आली. कोणी विचारलं नाही, मीही विचारलं नाही.

सकाळची पाळी करून लॅबमधून आले होते, जेवणं उरकली होती, तूप निम्मं फेसून झालं होतं. तेवढ्यात काकी दारात येऊन उभ्या राहिल्या. काकी कणकवलीकडच्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या. राग आला की त्यांना मालवणीशिवाय दुसरं काही सुचत नाही.

“बस तू तूप फेटीत. थंय बेकरीक सील मारूक इलेत!”

“कोण?”

“कोण म्हणजे? मुन्शिपाल्टी! तूच दिलंस ना तो कागद? आता खा कच्चा पीठ.”

कागद मीच दिला होता. नाकारण्यात अर्थ नव्हता.

माझ्या नवऱ्याला दमा आहे. शिवडीच्या गोदामात त्यानं उमेदीची सगळी वर्षं काढली आणि तिथली धूळ छातीत घेऊन घरी आला. डॉक्टर म्हणाले, आता घरी बसा, चांगल्या हवेत. घरी बसला, तर बेकरीचं धुराडं आमच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीसमोरच संपतं. उन्हाळ्यात त्याला दोनदा हॉस्पिटलात न्यावं लागलं. हॉस्पिटल परळला, जवळ. मी तिथल्याच एका लॅबमध्ये काउंटरवर बसते, ओळखीपाळखी आहेत, म्हणून सोपं गेलं. पण सोपं गेलं म्हणून ते सारखं करायचं नसतं.

मी दोनदा बेकरीत जाऊन सांगितलं. काउंटरवरचा माणूस दोन्ही वेळा म्हणाला, चाचांना, म्हणजे मालकांना, सांगतो. मग मी वॉर्ड ऑफिसात अर्ज दिला. मजल्यावरच्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या. काकींचीही आहे, मराठीत, पूर्ण नाव लिहून. पुढे पाऊस आला, गणपती आले आणि गेले. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण माझ्या अर्जानं अक्षरशः पाळली. मधल्या काळात लाकडाच्या भट्ट्या गॅसवर नाहीतर विजेवर न्या, असं शहरभर सगळ्या बेकऱ्यांना सांगणं झालं होतं. ते आणि माझा अर्ज एकत्र होऊन जी दुपार ठरली, ती दिवाळी पाच दिवसांवर आलेली असताना.

मला काय हवं होतं ते मला नक्की माहीत होतं. धूर जायला हवा होता आणि बेकरी राहायला हवी होती. तिथे दहा-बारा माणसं राबतात, माळ्यावरच झोपतात, आणि त्यांच्या गावी पैसे जातात ते त्या भट्टीतून. भट्टी एकदा बंद पडली की चाचा या वयात पुन्हा उभी करणार नाहीत, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पण हे अर्जात लिहायला जागा नसते. अर्जात ‘योग्य ती कारवाई व्हावी’ एवढंच लिहितात. ती आता झाली होती.

हात धुऊन मी खाली गेले.

गल्लीत गर्दी होती. आमच्याच चाळीतल्या सात-आठ बायका डोक्यावर, कमरेवर ट्रे घेऊन उभ्या, आणि ऑक्टोबरच्या उन्हानं नानकटाईच्या गोळ्यांना तूप सुटायला लागलेलं. बेकरीच्या दारात वॉर्ड ऑफिसच्या मॅडम. पस्तिशीच्या, पायात स्पोर्ट्स शूज, खांद्याला पिशवी, मागे दोन माणसं तार आणि लाख घेऊन. चाचा पावाच्या उपड्या क्रेटवर बसलेले. चाचा सत्तरीचे. जन्म याच गल्लीतला, मराठी आमच्यासारखंच, फक्त चिडले की हिंदीत जातात.

बोलत होते ते भावोजी. हे पहिल्या मजल्यावरचे, आमच्या सोसायटीचे अध्यक्ष. चाळीतल्या सगळ्या सुनांचे ते भावोजी, त्यामुळे माझेही.

“मॅडम, बघताय काय? मारा सील! किती वर्षं आम्ही धूर गिळायचा?”

“आणि आमचे ट्रे, भावोजी?” पिस्त्यावाली म्हणाली. “तुमच्या डोक्यावर ठेवू भाजायला? तापलंय तसंही.”

बायका हसल्या. भावोजी आणखी तापले.

मॅडमनी विचारलं, “तक्रार कोणाची आहे?”

“माझी,” मी म्हटलं.

सगळे ट्रे माझ्याकडे वळले. चाचांनीही मान वर केली.

“भाभी,” ते म्हणाले, “एकदा मला बोलायचं होतं. इतक्या वर्षांत कधी तुम्हाला शिळा पाव दिला काय?”

“दोनदा येऊन सांगितलं, चाचा.”

“कोणाला?”

“काउंटरवर.”

चाचांनी काउंटरकडे पाहिलं. काउंटरवरचा माणूस कपाटातले खारीचे पुडे नीट लावण्यात गुंतला. चाचा म्हणाले, “मला नाही सांगितलं कोणी,” आणि त्यांचा चेहरा पाहून माझा विश्वास बसला.

मॅडम सगळं ऐकत उभ्या होत्या. आमच्या काउंटरवर मी रोज भांडणं पाहते. रिपोर्टला उशीर, रांग मोडली, सुट्टे नाहीत. मिटवणाऱ्या माणसात आणि आटोपणाऱ्या माणसात काय फरक असतो ते मला पहिल्या वाक्यात कळतं. त्यांचं पहिलं लांब वाक्य असं होतं:

“सील मारायचा मला अधिकार आहे. पाच मिनिटांचं काम आहे, मारून मी चहाला जाऊ शकते. पण मग उद्या तुम्ही बायका ट्रे घेऊन माझ्या ऑफिसात याल, चाचा वकील गाठतील, आणि यांच्या घरातल्या धुराचं काय झालं ते कोणी विचारणार नाही. चाचा, भट्टी कधी पेटवता?”

“चारला.”

“आज आत्ता पेटवा. रोज टाकता तेच लाकूड टाका. वेगळं काही नाही. ताई, तुम्ही कितव्या मजल्यावर?”

“तिसऱ्या.”

“चला चाचा. वर जाऊ.”

“मैं? मेरे घुटने...”

“हळू चढू. मला पण घाई नाही.”

सत्तर वर्षं गल्लीत काढलेला माणूस आमच्या तिसऱ्या मजल्यावर पहिल्यांदा आला. जिन्यात दोनदा टेकला. मागे भावोजी, काकी, मी, आणि ट्रे कोणाच्या तरी हातात कोंबून आलेल्या बाकीच्या. माझा नवरा बनियनवर बसला होता. इतकी वरात दारात बघून त्यानं खुंटीवरचा शर्ट अंगात घातला, बटणं चुकीची लावली आणि म्हणाला, “या चाचा, बसा. पाणी घ्या.” जणू चाचा दर बुधवारी येतात.

चाचा बसले नाहीत. गॅलरीत गेले आणि कठड्यावरून खाली पाहत राहिले. मला वाटलं, धुराडं बघताहेत. ते म्हणाले, “अरे, माझा पत्रा किती सडलाय! पावसात माळा गळतो तो इकडून. कोणी सांगितलंच नाही.”

“सांगायला वर कोण येतंय?” काकी म्हणाल्या.

तेवढ्यात धूर आला. आधी बारीक, मग एकदम. काळा, जड, वर न जाता गॅलरीत घुसणारा. भावोजींनी रुमाल नाकाला लावला. मॅडम डोळे पुसत तिथेच उभ्या राहिल्या. नवऱ्यानं पंप काढून दोन झुरके घेतले, आणि पाहुण्यांसमोर घ्यावे लागले म्हणून ओशाळला. मी दार लोटायला लागले, तर मॅडम म्हणाल्या, “राहू दे उघडं.” चाचा खोकत होते. खोकता खोकता नवऱ्याकडे पाहत होते.

“भाई, हे रोज?”

“रोज नाही,” नवरा म्हणाला. तो दिवसभर तिथेच असतो, त्यालाच बोलू दिलं. “बरेच दिवस पांढरा असतो. तो तर मला आवडतो, गावाकडच्या चुलीसारखा वास येतो. हा असा काळा आला की घसा खाजवतो आणि मग छाती धरते. हल्ली जास्त येतो. दिवाळी जवळ आली की दर वर्षी जास्त.”

“का?” मॅडमनी विचारलं.

“ते मला काय माहीत? मला वाटायचं, ऑर्डरी जास्त असतात.”

चाचांनी नाकानं दोन-तीनदा हुंगलं. एकदम हिंदीत गेले. “ये लकडी नहीं है. ये तो रंग जल रहा है. रंग और गोंद.” आणि जिन्याकडे निघाले. उतरताना एकदाही टेकले नाहीत.

बेकरीच्या मागे लाकडाचा ढीग असतो. चाचा गुडघ्यांमुळे तिथे जात नाहीत. हातगाडीवाला माल टाकून जातो, भट्टीवाले ओढून घेतात, एवढंच त्यांना ठाऊक. पूर्वी यायचे ते ओंडके. ओंडके महाग झाले तेव्हा हातगाडीवाल्यानं भंगाराकडे मोर्चा वळवला, आणि भट्टीवाल्यांना जळण जळल्याशी मतलब. ढीग पाहिला तर तळाला थोडं खरं लाकूड, वर सगळं प्लायवूड, सनमायका, रंगवलेली दारं, कपाटांच्या पाठी.

मॅडम ढिगाजवळ वाकल्या. भावोजी त्यांच्या मागे उभे राहून म्हणाले, “हे बघा! हा असला विषारी कचरा जाळतात आणि आमच्या पोराबाळांच्या...”

“भावोजी,” काकी मधेच म्हणाल्या, “हो तुमचो शोकेस ना?”



ढिगात वरच एक दार होतं, पांढऱ्या सनमायकाचं, आणि त्यावर खालच्या अंगाला फुलपाखरांची स्टिकरं ओळीनं लावलेली. भावोजींची नात लहान असताना तिनं ती लावली होती. त्यांच्या घरी सत्यनारायणाला जाऊन आलेल्या प्रत्येकीनं ती पाहिली होती.

“तसलं कोणाकडेही असू शकतं,” भावोजी म्हणाले.

“स्टिकरां पण?”

“गेल्या रविवारी भंगारवाल्याला दिला,” भावोजींच्या मागून त्यांच्या सौभाग्यवती म्हणाल्या. त्या एरवी चारचौघांत बोलत नाहीत. “दिवाळीची साफसफाई. मी म्हणत होते, गावी नेऊ या.”

मग सगळ्या वाकून ढीग धुंडाळायला लागल्या. पिस्त्यावालीला तिच्या जुन्या दिवाणाची फळी सापडली. चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी एक मूठ ओळखली. शेजारच्या चाळीचं बांधकाम पाडलं तिथल्या खिडक्या होत्या, हिरव्या रंगाच्या. त्या खिडक्यांतून आम्ही एकमेकींना वाटीभर साखर दिलेली होती. दिवाळी आली की लालबाग-परळात घरोघर जुनं फर्निचर बाहेर निघतं, भंगारवाला उचलतो, हातगाडीवाल्याला विकतो, हातगाडीवाला बेकरीत टाकतो, आणि बेकरी ते धुराड्यातून आमच्या घरी परत पाठवते. माझा नवरा दर दिवाळीत सगळ्या चाळीची कपाटं छातीत घेत होता.

सगळ्यांत आधी कोण हसलं आठवत नाही. बहुतेक चाचाच. भावोजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “क्या साब, शोकेस तुमचा आणि सील मला?” भावोजीही हसले, पण जरा उशिरा.

मी मात्र बघत होते मॅडमकडे. त्या हसल्या, पण लगेच एक क्रेट ओढून बसल्या आणि म्हणाल्या, “आता बसा सगळे. हसू येतंय तोवर बोलून घेऊ.”

क्रेटं मांडून आम्ही बसलो. ट्रे शटरखाली सावलीत सरकवले. मॅडमनी चाचांना विचारलं, गॅसवर जायची तयारी आहे का? चाचा म्हणाले, तयारी काय, अर्ज करून बसलोय. बर्नर बसवणारा माणूस बघून गेलाय. पण गॅसची पाइप मोठ्या रस्त्याच्या पलीकडे, आणि रस्ता खोदायला परवानगी मिळत नाही.

“कोण देत नाही?”

“तुमचंच ऑफिस,” चाचा म्हणाले. “तुमच्याच मजल्यावर. डावीकडचं टेबल.”

मॅडमच्या बरोबरचा माणूस आकाशाकडे बघायला लागला. मॅडमनी फोन काढला, रस्त्याच्या इंजिनिअरला लावला, आणि आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. तिकडून साहेब म्हणाले, मॅडम, तो रस्ता पावसाळ्याआधी काँक्रीट केलाय, इतक्यात फोडता येत नाही, तसा नियमच आहे. मॅडम म्हणाल्या, साहेब, एक खातं भट्टी बदल म्हणून नोटीस देतं आणि दुसरं खातं बदलू देत नाही, मी इथे सगळ्या बायकांसमोर बसलेय, त्यांना काय सांगू? मग साहेब म्हणाले, रस्ता नाही फोडता येणार, पण खासगी जागेतून आणली तर आमचा प्रश्नच येत नाही.

“खासगी जागा कोणाची?” मॅडमनी फोन ठेवून विचारलं.

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. आमच्या चाळीत घरोघर गॅसची पाइप गेल्या वर्षी आली. ती पटांगणाच्या पुढच्या कोपऱ्यात जमिनीत शिरते. तिथून बेकरीची मागची भिंत दिसते. मध्ये फक्त आमचं पटांगण.

“पटांगण खोदायचं?” भावोजी उठूनच उभे राहिले. “मॅडम, आमदार निधीतून फरश्या बसवल्यात. दोन वर्षं मागे लागलो होतो. मी स्वतः पुढे उभा राहून बसवून घेतल्यात.”

हे खरं होतं. त्या फरश्यांवर कोणी खरकटं पाणी सांडलं तरी भावोजी पहिल्या मजल्यावरून ओरडतात. सगळं बोलणं तिथे येऊन अडलं. चाचा खाली बघत होते. सोसायटीची ना हरकत मिळाली नाही तर गॅस नाही. गॅस नाही तर आज ना उद्या सील. हे मॅडमनी एकदाच, स्पष्ट शब्दांत सांगितलं. त्यांचं मला हे आवडलं की त्यांनी भावोजींना अधिकार दाखवला नाही आणि समजूतही घातली नाही. बाटलीतलं पाणी प्यायल्या आणि थांबल्या.

मी म्हटलं, “भावोजी, सगळं पटांगण नाही. भिंतीच्या कडेनं एक फरशी रुंद चर. फरश्या उचलून ठेवायच्या, पाइप टाकायची, त्याच फरश्या परत बसवायच्या. गणपतीचा मांडव येतो तो मधोमध. कडेला आत्ता काय आहे? तुमची जुनी स्कूटर.”

“फरश्या उचलताना फुटतात.”

“फुटतील त्या मी आणून देईन,” चाचा म्हणाले. “रंग बघून. तुम्ही चला माझ्याबरोबर निवडायला.”

“तसल्या आता मिळत नाहीत.”

“मग शोकेसचो दरवाजो लावा थंय,” काकी म्हणाल्या. “फुलपाखरां बरी दिसतली.”

भावोजी काकींवर कधी चिडत नाहीत. त्यांच्या आईबरोबर काकी गिरणीत जात असत. ते पुन्हा क्रेटवर बसले. बसले आणि अटी घालायला लागले, तेव्हाच मला कळलं की काम झालं. काम मे महिन्याआधी करायचं, पटांगण दोन दिवसांच्या वर उघडं ठेवायचं नाही, फरश्या बसवताना त्यांना बोलवायचं. चाचा प्रत्येक अटीला “हो साब” म्हणत होते. मॅडम लिहीत होत्या. मग त्यांच्या अटी. रंगवलेलं, चिकटवलेलं लाकूड आजपासून भट्टीत नाही. गॅस येईपर्यंत फक्त ओंडके. धुराडं निदान एका माणसाइतकं उंच करायचं. आणि रोज येणारं लाकूड चाळीतल्या कोणीतरी पाहायचं.

“कोण पाहणार?” त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तक्रार करणाऱ्यालाच काम लागतं, हे मला लॅबमध्ये शिकायला मिळालेलं आहे. मी हो म्हटलं.

“आणि सील?” तार धरलेल्या माणसानं विचारलं.

“पिशवीत ठेव,” मॅडम म्हणाल्या. “लिहून घेतलंय सगळ्यांचं. फेब्रुवारीत मी परत येते. गॅसचं काम तोवर सुरू झालं नसेल तर त्या दिवशी न बोलता मारेन. चाचा, हे ऐकलंत ना?”

“ऐकलं, बेटा.”

नानकटाई अजून भाजायची होती. मॅडम म्हणाल्या, ढीग साफ झाल्याशिवाय भट्टीत एकही ट्रे जाणार नाही. मग काय, आम्हीच साफ केला. गाउनवर ओढण्या बांधून, हातात पिशव्या घालून, भट्टीवाल्यांच्या बरोबर. एका बाजूला लाकूड, एका बाजूला प्लाय. भावोजींनी शोकेसचं दार स्वतः उचलून घरी नेलं. मॅडम जाताना पिस्त्यावालीनं त्यांना दोन नानकटाया कागदात बांधून द्यायचं बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, ड्युटीवर घेत नाही. तारवाल्या माणसाचा चेहरा पडला. त्या वळल्यावर काकींनी त्याला सांगून ठेवलं, संध्याकाळी ये रे.

वर येऊन मी उरलेलं तूप फेसलं. मधल्या वेळात पातळ झालं होतं. मैदा थोडा जास्त घालून सावरलं. त्या वर्षीची नानकटाई जरा कडक झाली, कोणी तसं बोललं नाही.

माझ्या नवऱ्याचा दमा गेलेला नाही, तो जाणार नव्हताच. पण त्या दिवाळीत त्याला हॉस्पिटल लागलं नाही, आणि तो गॅलरीत खुर्ची टाकून बसला. गॅस शिमग्याच्या सुमाराला आला. तीन फरश्या फुटल्या. भावोजी आणि चाचा मिळून दुकानात गेले आणि भलत्याच रंगाच्या घेऊन आले, आणि चूक कोणाची यावर दोघांचं अजून चालू आहे. कधीकधी लोक मला विचारतात, वॉर्ड ऑफिसात एवढं कोणाला सांगितलंस, कोणाची ओळख लावलीस? ओळख नव्हती. एका बाईनं ठरवलं की नोटीस हातात असताना आधी जिना चढायचा. एवढं काम सरकारी माणसाचं मला पुरेसं वाटतं. बाकीचं आमचं आम्हाला करता येण्यासारखं होतं. फक्त ते करायला आम्ही आपापल्या मजल्यावरून हललो नव्हतो. त्या मॅडमची पुढे बदली झाली. फेब्रुवारीत दुसरे साहेब आले. त्यांनी मॅडमनी लिहिलेलं वाचलं, चर पाहिला, आणि चहा मात्र घेतला.

पण त्या बुधवारी यातलं काहीच झालेलं नव्हतं. झाली होती ती फक्त बोलणी.

दुसऱ्या दिवशी लॅबला निघायच्या आधी, उजाडता उजाडता, मी बेकरीच्या मागे जाऊन उभी राहिले. हातगाडी आली. ओंडक्यांच्या खाली दोन दारं आणि एका पलंगाची पाठ दडवलेली होती. मी ती काढायला सांगितली. हातगाडीवाला म्हणाला, ताई, आप कौन? मी म्हटलं, वरची. त्याला ते पटलं नाही, म्हणून चाचांना हाक मारली. चाचा गुडघे धरत मागे आले, पलंगाच्या पाठीवर बोट ठेवलं आणि मान हलवली. दोन्ही दारं आणि पाठ त्यानं पुन्हा गाडीवर चढवली. ओंडके मी एकेक पाहून आत घेतले, आणि सातची पाळी चुकायला नको म्हणून तशाच हातांनी परळकडे निघाले.